सोसायटीच्या रिकाम्या हॉलमध्ये शिक्षण केंद्र: खत, दुरुस्ती आणि घरगुती धंदा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऐरोलीत ११० घरांची सोसायटी. सुमारे ६०० चौरस फुटांचा हॉल आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद. तिथे असं केंद्र काढायचं की जिथे ओल्या कचऱ्याचं खत, पुनर्वापर वगैरे शिकवलं जाईल आणि सोसायटीतल्या घरगुती व्यवसाय करणाऱ्या बायकांना, सेक्टरमधल्या छोट्या दुकानदारांना हातभारही लागेल. सुरुवात कुठून करायची, आणि अशी केंद्रं वर्षभरात बंद का पडतात?

बंद का पडतात ते आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावरून ठरतं. पहिल्या महिन्यात व्याख्यानं होतात, पाहुणे येतात, बॅनर लागतो. हॉलमध्ये खुर्च्या असतात, पण काम करायला टेबल नसतं. ऐकून घरी गेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, कारण त्याला यायचं कारणच उरत नाही. म्हणून पहिली खरेदी माईक-स्पीकरची करू नका. तीन बाय सहा फुटांची दोन मजबूत टेबलं, ३० किलोचा एक वजनकाटा, अर्धा किलोपर्यंत ग्रॅममध्ये मोजणारा एक छोटा काटा, मल्टिमीटर (विजेचा दाब आणि जोडणी तपासायचं छोटं यंत्र) आणि शिवणयंत्र, एवढं आधी घ्या. दुसरा नियम असा करा की इथल्या प्रत्येक वर्गातून परिसरातल्या कुणाला तरी दोन पैसे मिळाले पाहिजेत. खताच्या वर्गातून खड्डा सांभाळणाऱ्याला, दुरुस्तीच्या वर्गातून नाक्यावरच्या मिस्त्रीला, पिशव्यांच्या वर्गातून शिवणाऱ्या बाईला. हरित काम आणि धंदा वेगवेगळ्या वारी ठेवले की हरित वार हळूहळू रिकामा जातो.

परवानगीचं लवकर आटपा, पण कागदावर. सर्वसाधारण सभेत ठराव घ्या: हॉलचा वापर सभासदांच्या शिक्षणासाठी, वेळ दुपारी ३ ते ६, एक वर्षासाठी, पाच जणांची उपसमिती, स्वतंत्र हिशेबवही. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या जागेत हॉलमधून थेट विक्री किंवा उत्पादन सुरू केलं की वापरबदलाचा मुद्दा निघतो. त्यामुळे हॉलमध्ये फक्त शिकवणं, मोजणं आणि कागदपत्रं भरणं. चकली जिची तिच्या घरी, नोंदणी तिच्या नावाने, पैसे तिच्या खात्यात. सोसायटीने बाहेरच्यांकडून फी घेतली तर त्या उत्पन्नाला सभासदांच्या वर्गणीसारखी करसवलत मिळत नाही, हे तुमच्या लेखापरीक्षकाला सुरुवातीलाच विचारून ठेवा. ट्रस्ट नोंदवायची घाई पहिल्या वर्षी करू नका.

आता खत. केंद्राचा पाया हाच, कारण हे रोज घडणारं आणि डोळ्यांना दिसणारं काम आहे. आधी सलग सात दिवस फक्त ओला कचरा वजन करा, रविवार धरून. साधारण घरामागे अर्धा किलो ते ६०० ग्रॅम निघतो, म्हणजे तुमच्याकडे रोज ६० किलोच्या आसपास. (घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोहून जास्त एकूण कचरा करणारे मोठे कचरा उत्पादक धरले जातात. ओला-सुका मिळून तुम्ही त्या रेषेच्या आसपास असणार, म्हणून ही सात दिवसांची नोंद जपून ठेवा.)

६० किलो ओला कचरा म्हणजे साधारण १२० लिटर. त्यात तितकाच अख्खा पालापाचोळा, किंवा भुगा केलेला असेल तर निम्मा. हे सगळं बसून दिवसाला ११५-१२० लिटर होतं. चार बाय चार बाय चार फुटांचा विटांचा हौद सुमारे १,८०० लिटरचा, म्हणजे एक हौद भरायला १५ दिवस. चार हौद बांधले तर चौथा भरेपर्यंत पहिल्याला ४५ दिवस मिळतात आणि तो रिकामा करता येतो. तीनच बांधून चौथ्याचे पैसे वाचवले की कच्चं खत उपसावं लागतं, त्याला वास येतो, आणि मग तळमजल्यावरच्या लोकांच्या तक्रारी सुरू होतात. त्यांची तक्रार खरीच असते.

विटा जाळीदार रचा, म्हणजे मध्ये अर्ध्या विटेची फट. आतून अर्ध्या इंचाची जाळी, नाहीतर उंदीर घर करतात. पुढची बाजू फळ्यांची, वर सरकवून काढता येईल अशी, कारण चार फूट खोल हौदातून वरून उपसायला कुणालाच जमत नाही. तळाला थोडा उतार आणि खाली बादली: काळं पाणी तिच्यात जमेल, ते कोरड्या पडलेल्या हौदावर परत टाकायचं. वरचा पत्रा भिंतीच्या दोन फूट बाहेर हवा, आपल्याकडे पाऊस तिरका येतो. जागा निवडताना जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासून लांब, आणि अग्निशमनच्या गाडीचा रस्ता अडणार नाही अशी.

रोजचं काम ठरलेलं: कचरा पसरून प्लास्टिक, रबर, नारळाची करवंटी वेगळी काढायची, मोठे तुकडे, विशेषतः कलिंगडाची साल आणि केळफुलाची देठं, कोयत्याने बारीक करायची, कचऱ्याचा थर, पाल्याचा थर, वर आधीच्या तयार खताच्या दोन ओंजळी. बाजारातली कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाची) बाटली लागत नाही, जुनं खत तेच काम करतं. मासळीचं टाकाऊ आपल्या भागात असणारच. ते हौदाच्या मधोमध खोल पुरायचं आणि त्यावर दुप्पट पाला. कडेला पडलं तर मांजर, कावळे आणि माशा तिन्ही येतात. आठवड्यातून एकदा ढीग खालवर करायचा.

ओलावा तपासायला यंत्र नको. मूठभर माल घट्ट दाबा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त ओला, मूठ उघडल्यावर भुसभुशीत पडला तर कोरडा. उष्णता बघायला लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा; हातात धरवत नसेल तर ढीग नीट शिजतोय. सळई गार निघाली तर बहुधा पाणी जास्त, हवा कमी, किंवा माल फार कोरडा. वासावरूनही कळतं. डोळ्यांत चुरचुरणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडलाय. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही. खालवर करून कोरडा माल मिसळा. पांढऱ्या-करड्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचरा खातात. पण त्या मोठ्या संख्येने भिंतीवर चढायला लागल्या तर ढीग फार ओला झालाय का ते बघा.

खरी परीक्षा जुलैत. जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की पाला सुकतच नाही, आणि बहुतेक प्रकल्प याच दिवसांत कोसळतात. उपाय फेब्रुवारी-एप्रिलमध्येच करायचा असतो. पिंपळ, बदाम, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष या दिवसांत पानं गाळतात, आणि ती झाडून जाळली किंवा गाडीत भरून पाठवली जातात. ती गोळा करून भुगा करा. पावसाच्या १२० दिवसांना रोजचे ६० लिटर भुग्याचे धरले तर ७,२०० लिटर, म्हणजे १०० लिटरच्या सत्तर-पंच्याहत्तर गोण्या. एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजार समितीच्या घाऊक बाजारात) धान्याच्या रिकाम्या गोण्या मिळतात. साठा स्टिल्ट पार्किंगमध्ये (इमारतीखालच्या, खांबांमधल्या पार्किंगमध्ये) किंवा मीटरच्या खोलीजवळ ठेवू नका, सुका पाला पेट घेतो. कंपाउंडच्या भिंतीला लागून, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, पत्र्याखाली ठेवा. पाला संपलाच तर कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट फोडून कोरडीच वापरा. लोक सवयीने ती भिजवतात आणि मग तिचा उपयोग शून्य होतो. सुताराकडचा भुसा चालेल, पण साध्या लाकडाचाच. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात डिंक-रसायन असतं, ते खतात नको.

या कामाला रोज दीड-दोन तास लागतात आणि ते स्वयंसेवकांवर टाकू नका. पहिले तीन आठवडे उत्साह असतो, मग एक जण गावाला जातो, दुसऱ्याची परीक्षा येते आणि तीन दिवसांचा कचरा हौदाशेजारी पडून राहतो. तुमच्याकडे सफाईला येणाऱ्या व्यक्तीलाच वेगळा मोबदला ठरवून द्या, कोपरापर्यंतचे हातमोजे, गमबूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. वर्गात शिकवायलाही त्याच व्यक्तीला उभं करा, मानधन देऊन. मुठीची परीक्षा त्याच्याइतकी कुणाला येत नाही.

महिन्याला १,८०० किलो कचऱ्यातून साधारण ३०० किलो खत मिळतं. ते चार मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. तयार झालंय का हे बघायला मूठभर खत पिशवीत दोन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास हवा. शिवाय अर्धं खत, अर्धी माती अशा कुंडीत मुगाचे दहा दाणे टाका. आठ उगवले तर वापरा; चार-पाचच आले तर अजून दोन आठवडे राहू द्या. पिशवीवर ‘खत’ छापून बाजारात विकायला जाऊ नका, त्याला १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाचे निकष लागतात. त्याऐवजी चार भाग लाल माती, तीन भाग खत, तीन भाग कोकोपीट असं कुंडीचं मिश्रण करा आणि त्यात रोपं वाढवून रोपं विका. जुलै-ऑगस्टमध्ये मोगरा, ओवा, जास्वंद यांच्या फांद्या सहज लागतात. तुळस, कढीपत्ता, गवती चहा बारा महिने मागणीत. रोपवाटिका सोसायटीतल्या दोघी-तिघींच्या बचतगटाकडे सोपवा. खत त्यांना फुकट, बदल्यात सोसायटीच्या बागेची निगा.

दुरुस्तीचा वर्ग महिन्यातून दोनदा, शनिवारी. लोक बिघडलेला पंखा, मिक्सर, इस्त्री घेऊन येतात. उदाहरणच घ्यायचं तर छताचा पंखा. रेग्युलेटर पाचवर असूनही हळू फिरतो, किंवा नुसता घुमतो आणि हाताने ढकलला की चालू होतो. दहापैकी बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. घरगुती पंख्यात तो सहसा अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) असतो, आकडा अंगावर छापलेला असतो, तोच आणायचा. मोठा आणला की पंखा जोरात फिरेल असं वाटतं, पण वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) तापून जळतं. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, विजेच्या मुख्य बोर्डातला एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडायचा, आणि जुन्या कपॅसिटरची दोन टोकं उघड्या हाताने धरायची नाहीत. पंखा कण्हत असेल तर बेअरिंग. ते मिस्त्रीचं काम. मिक्सर एकाएकी बंद पडला तर आधी खालचं लाल बटण दाबून बघा, अर्ध्या वेळा तेवढ्यानेच सुरू होतो.

नाक्यावरचा मिस्त्री आधी यायला तयार नसतो. आपलंच गिऱ्हाईक तोडतो असं त्याला वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे. त्याच्याशी असं ठरवा: वर्गात दोष ओळखायला शिकवायचं, खोलून दुरुस्त करायचं काम त्याचं, त्याच्या दराने. दोष कळला की लोक वस्तू भंगारात न देता त्याच्याकडे आणतात. दोन तासांच्या शिकवण्याचं मानधन त्याच दिवशी हातात द्या, पुढच्या महिन्यावर टाकू नका.

घरगुती व्यवसायाच्या वर्गात पहिला धडा जाहिरातीचा नको, हिशेबाचा हवा. वजनकाटा तिथेच उपयोगी पडतो. समजा एक किलो भाजणीची चकली. भाजणी १६० रुपये, मोहन, तीळ, तिखट-मीठ ३०, गॅस २५. तेल किती गेलं ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून थंड कढई तेलासकट तळणीआधी आणि तळून थंड झाल्यावर वजन करायची. फरक ३५० ग्रॅम आला तर साधारण ५२ रुपये. माल निघाला १ किलो ४०० ग्रॅम, त्यातला १५० ग्रॅम मोडका. विकण्याजोगी पाव किलोची पाच पाकिटं. पिशवी-लेबल पाच पाकिटांचे ३५. झाले ३०२, म्हणजे पाकिटाला साठ रुपये. नव्वदला विकलं की तीस सुटले असं वाटतं. पण तीन तास उभं राहून केलेल्या कामाचे पैसे यात कुठेच नाहीत! पाच पाकिटांवर मिळाले १४८, म्हणजे तासाला पन्नासही नाहीत. तासाला ८० रुपये जरी धरले तरी पाकीट १०८ ला पडतं, आणि दुकानदाराला वीस-पंचवीस टक्के द्यायचे असतील तर १३५-१४५ च्या खाली परवडत नाही. हे आकडे तुमच्या दराप्रमाणे बदलतील, रीत हीच. बायकांनी आपल्या कष्टाची किंमत शून्य धरायची, ही सवय या टेबलावर मोडली तर केंद्राचं अर्धं काम झालं असं माझं ठाम मत आहे.

मग कागदपत्रं, एका दुपारी चौघींची या हिशेबाने. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. शोधताना वर येणाऱ्या अनेक खासगी साइट सरकारी वाटतात आणि हजार-दोन हजार उकळतात, म्हणून पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो का हे बघूनच पुढे जा. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी. छोट्या उत्पादकाला सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये. मिळालेला १४ अंकी क्रमांक लेबलवर येतो. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक जास्तीकडून कमीकडे, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती अंतिम तारीख (एक्सपायरी), बॅच क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि चौकोनातला हिरवा ठिपका हवाच. शेंगदाणे, तीळ, गहू असेल तर ते ठळक लिहा. सर्वांत जास्त चूक तारखेत होते: लेबलं एकदम शंभर छापून आणतात आणि तारीख पेनाने लिहितात, तेलकट बोट लागलं की ती पुसली जाते. तारखेचा छोटा रबरी शिक्का आणि न पुसणारी शाई घ्या. विक्रीसाठी वापरायच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, आणि धंद्यासाठी घरगुती सिलिंडर चालत नाही, ५ किंवा १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो धरला की वरच्या हिशेबातला गॅस वाढतो, तेही सांगा. भांडवल लागलं तर मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. बँकेत जाताना सहा महिन्यांची लिहिलेली वही न्या, तिथे तीच बोलते.

वापरलेलं तेल पुन्हा पुन्हा तळायला घ्यायचं नाही, मोरीत तर अजिबात ओतायचं नाही. २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर (तेल पुन्हा पुन्हा तापल्याने तयार होणाऱ्या घटकांवर) २५ टक्क्यांची मर्यादा आहे. काळसर, फेसाळणारं, चिकट झालेलं तेल म्हणजे मर्यादा ओलांडली असं समजा. केंद्रात एक झाकणाचा कॅन ठेवा, गाळून जमा करा. बायोडिझेलसाठी तेल घेणारे अधिकृत संकलक ठरावीक साठा झाल्यावर येऊन पैसे देऊन नेतात. दिवाळीच्या फराळानंतर हा कॅन आठवड्यात भरतो.

सेक्टरमधल्या दुकानदारांसाठी पिशवी-पेढी सुरू करा. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवीवर देशभर बंदी आहे, तरी किराणावाला चोरून देतो, कारण गिऱ्हाईक हात हलवत येतं. पंचेचाळीस इंच पन्ह्याच्या कापडाचा एक वार (३६ इंच) घेतला तर पंधरा बाय छत्तीसचे तीन तुकडे पडतात, एकाची एक पिशवी, बंद सुती पट्टीचे. बंद जिथे जोडतो तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिलाई. पाच किलो तांदूळ भरून रात्रभर खुंटीला टांगा, सकाळी टाका उसवला नसेल तरच दुकानात द्या. दुकानदार २० रुपये अनामत घेऊन पिशवी देतो, परत आणली की पैसे परत. शिवणाऱ्या बाईला दर नगाला, रोख. सहा दुकानांच्या वर सुरुवातीला जाऊ नका, पिशव्यांची मोजदाद सुटते.

छतावर सौर पॅनलचा विषय कुणीतरी काढेलच. सोसायटीच्या सामाईक वीजजोडणीसाठी पीएम सूर्यघर योजनेत किलोवॉटला १८ हजार अनुदान आहे. एका किलोवॉटला सावली नसलेली १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिट. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी-संध्याकाळी कुठे पडते ते आधी खडूने आखा. पण हे दुसऱ्या वर्षी. मुलांची तुकडी मात्र पहिल्याच महिन्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात न्या. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, आणि भरती ओसरल्यावर कांदळवनाच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या मुलांना तिथे स्वतःच दिसतात.

ठरावातल्या वेळेत वर्ग दुपारी ३ ते ५ ठेवा: घरच्या बायका मोकळ्या, दुकानदारांची झोपेची वेळ संपलेली. वर्गाची फी ५० रुपये घ्या. फुकट ठेवलं की नावं चाळीस येतात, माणसं नऊ. तीन वह्या पुरतात. रोकडवही, साठावही आणि एक अशी वही जिच्यात दर महिन्याला फक्त दोन आकडे लिहायचे: किती किलो कचरा सोसायटीबाहेर गेला नाही, आणि केंद्रामुळे परिसरात किती रुपये कुणाच्या हाती पडले. या दोन आकड्यांचा कागद दर महिन्याच्या ५ तारखेला लिफ्टशेजारच्या फलकावर लावा. पुढच्या सर्वसाधारण सभेत हॉलचा ठराव पुन्हा येईल तेव्हा हेच बारा कागद पुढे ठेवायचे. सुरुवात डिसेंबर-जानेवारीत करा, म्हणजे हौद बांधून होतात तोवर फेब्रुवारीची पानगळ सुरू झालेली असते आणि पावसाच्या गोण्या भरायला तीन महिने हातात राहतात.